दुसऱ्या बाजूची लाट

दर रविवारी अकराच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी तीनदा वाजते. आधी बँकवाले, मग मिहानवाला आणि सगळ्यात शेवटी मौदेवाले, कारण त्यांना मोटरसायकलवर लांबून यायचं असतं. ही नावं दादाने ठेवलेली. बँकवाले दादाच्याच वयाचे, नुकतेच निवृत्त झालेले. मिहानवाला चाळिशीचा, विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. मौदेवाले तिथल्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन आहेत, माझ्याहून एखाददोन वर्षांनी मोठे. येताना कोणीतरी तर्री-पोहे बांधून आणतं. मी बशा काढते, चहा ठेवते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते. बसते म्हणजे बसावं लागतं. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं तरी सगळं तिथे ऐकू येतं, आणि उठू लागले की कोणीतरी म्हणतं, "बसा न ताई. तुमच्यासाठीच तर येतो आम्ही."

दादा गेल्या दिवाळीनंतर गेला. तेव्हापासून ते असं म्हणतात. त्याआधी वीसेक वर्षं ते दादाकडे येत होते, आणि ते एका कॅसेटसाठी.

कॅसेट एका बँडची आहे. नागपुरातलाच बँड, इंजिनिअरिंगला असलेली चार मुलं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी इथे पाच-सहा कार्यक्रम केले असतील. लोकांनी गुणगुणत घरी जावं अशी गाणी त्यांच्याकडे नव्हतीच. एक धून धरायची आणि हळूहळू ती सोडून चालू लागायचं, कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. कुठे पोचायचं ते आधी ठरलेलं नसे. एकाने वळण घेतलं की बाकीचे त्याच्या मागे. पुढे नोकऱ्या लागल्या. गिटारवाला अमेरिकेत गेला, ड्रमवाला विम्याच्या ऑफिसात, उरलेल्या दोघांचा पत्ता कोणाजवळ नाही. दादा वाजवणाऱ्यांपैकी नव्हता. तो आवाजाचं पाहायचा. तारा, माइक, अॅम्प्लिफायर आणि बाजूला ठेवलेला टेपरेकॉर्डर. शेवटच्या कार्यक्रमाची त्याने भरलेली कॅसेट तेवढी मागे राहिली. तिच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. मिहानवाल्याला त्यातली एक मावसभावाच्या कपाटात सापडली, तेव्हा बँड मोडून दहा वर्षं होऊन गेली होती.

ह्या तिघांचं बोलणं मला आता पाठ आहे. सुरुवात बहुतेक बेस गिटारपासून होते.

"सागवानी होतं ते," बँकवाले म्हणतात. "सुताराकडून बनवून घेतलेलं. मी हातात धरलं आहे. अर्ध्या तासात खांदा उतरायचा."

"सागवानाचा असा आवाज नाही येत काका. शिसम असन."

"तू पहिलीत होता बे तेव्हा. शिसम असन म्हणते."

मग ड्रम. ड्रमचं वरचं कातडं फाटल्यावर ते म्हणे ढोलकीवाल्याकडून बसवून घेतलं होतं, म्हणून तो तसा ओलसर बोलतो. मग अॅम्प्लिफायर. तो काचेच्या व्हॉल्व्हचा होता, पाठीमागून उघडा, आणि तासाभरात इतका तापायचा की त्यावर पापड भाजून निघाला असता. हे पापडाचं मौदेवाले सांगतात. कॅसेटवरचा तो कार्यक्रम त्यांनी शाळेत असताना खिडकीबाहेर उभं राहून ऐकला होता. आत यायला तिकीट होतं.

एकदा मी विचारलं होतं, की इतकी वर्षं तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का. मिहानवाल्याने बशी खाली ठेवली. "ताई, मी दिवसभर हेडफोन लावून असतो. जगभरचं ऐकतो. पण हे चौघं मधात हरवतात न, ते खरंच हरवतात. मग एक जण रस्ता काढते. दरवेळी मले वाटते, आज काही ह्याईले सापडत नाही."

"कॅसेट आहे गा ते," मौदेवाले म्हणाले. "दरवेळी सापडनच."

हसू ओसरल्यावर दादा उठून कॅसेट उलटी करायचा. दुसऱ्या बाजूला ती लाट आहे.

लाट हे त्यांचंच नाव. दुसऱ्या बाजूला पाचेक मिनिटं झाली की गिटारचा सरळ आवाज हलू लागतो. थरथरतो म्हटलं तर जास्त होईल. विहिरीत दिवा सोडून वरून पाहिल्यावर उजेड जसा हलतो, तसा. बाजू संपेपर्यंत तो तसाच हलत राहतो. आणि मध्येच एके ठिकाणी पाण्याचा आवाज येतो, एकदम मोठा, मग थेंबाथेंबाने विरणारा. हे ड्रमवाल्याचं कुठलंतरी वाद्य असणार, यावर तिघांचं एकमत आहे. कोणतं, यावर नाही. बँकवाले म्हणतात जलतरंगाचे वाडगे. मिहानवाला म्हणतो वाळक्या शेंगांचा खुळखुळा, बाहेरच्या देशांत वापरतात तसा.

लाट मात्र दादाची. दादाने एक डबा बनवला होता आणि गिटारची तार त्या डब्यातून नेली होती, हे नागपुरात ज्यांनी ज्यांनी ती कॅसेट ऐकली त्या सगळ्यांना माहीत आहे. डबा आमच्या शोकेसमध्ये आहे. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, काळा रंगवलेला, वर एक बटण, एक लाल दिवा, दोन बाजूंना तारांसाठी दोन भोकं. दादा तो दाखवायचा, पण कोणाला जोडू द्यायचा नाही. "जुनं आहे गा. जळलं तर परत नाही बनत," म्हणायचा.

लाट कशी आली ते मला माहीत आहे. ती मी आणली असं म्हटलं तरी चालेल.

कार्यक्रम मे महिन्यात होता, संध्याकाळी, एका समाजभवनात. पहिली बाजू भरत असतानाच अॅम्प्लिफायर तापून एकदा बंद पडला होता, दुसरी सुरू होऊन पाच मिनिटांत पुन्हा तापला. आमच्या घरचा लोखंडी कूलर दादाने हातठेल्यावरून तिथे नेला होता, वाजवणाऱ्यांसाठी. तो कूलर सांभाळायला मी होते. मी तेव्हा पंधरा वर्षांची. दादाने अॅम्प्लिफायर उचलला आणि त्याची उघडी पाठ कूलरच्या जाळीला लावल्यासारखी ठेवली, थंड राहावा म्हणून. गिटारचा आवाज मागच्या बाजूने पंख्याच्या पात्यांवर जायचा आणि कापला जाऊन परत यायचा. लहानपणी पंख्यासमोर तोंड नेऊन कोणी 'आ' केलं नाही? तेच. आणि मध्येच कूलरमधलं पाणी संपलं, मोटर कोरडी ओढू लागली, म्हणून मी बादली आणून ओतली. वाजवणं चालू होतं, पण मी थांबले असते तर मोटर जळाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने कॅसेट लावली, दुसऱ्या बाजूशी आला. मग मला हाक मारली, कूलर सुरू केला, त्याच्या जाळीपुढे बसला आणि 'आ' लावला. मीही लावला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. तेवढ्यात बँकवाले आले. तेव्हा ते बँकेत नव्हते, दादाचे कॉलेजातले मित्र होते. त्यांनी विचारलं, काल ते काय केलं तू? दादा गमतीने म्हणाला, एक डबा बनवला. ते गेल्यावर मला म्हणाला, "कोणाले सांगू नको वं. कूलर म्हटलं तर हसतीन."

पुढच्या आठवड्यात बँकवाले डबा पाहायला आले आणि दादाला डबा बनवावा लागला.

मध्ये एकदा, आई गेल्यानंतरच्या वर्षी, मी त्याला म्हटलं की आता सांगून टाक, इतक्या वर्षांनी काय होतं. तो शर्टाला इस्त्री करत होता. म्हणाला, "आता कसं सांगू वं? माणसं दर रविवारी येऊन राहिली." आणि कॉलर पुन्हा एकदा दाबली. तो एका सरकारी कार्यालयात कारकून होता, सभेत कधी बोलला नाही, लग्न केलं नाही, कोणाकडे फार गेला नाही. रविवारी मात्र ह्या खोलीत त्याला काहीतरी विचारलं जायचं आणि तो उत्तर द्यायचा. ते मी कसं काढून घेणार होते?

तो गेल्यावर पहिल्याच रविवारी तिघं आले. मला वाटलं भेटायला आले असतील, पुन्हा येणार नाहीत. पुढच्या रविवारीही आले. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आठवड्यातले सहा दिवस तिथे कोणी माझ्याशी मोठ्याने बोलत नाही आणि ते मला आवडतं. सातव्या दिवशी माझ्या घरात तीन माणसं माझ्या भावाबद्दल बोलत होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. दादाला ते भाऊ म्हणत. भाऊच्या डोक्याबद्दल बोलायचे, त्या काळात सर्किटचं पुस्तक मिळत नव्हतं तरी त्याने कसं केलं असेल, याबद्दल. माझ्या डोळ्यांपुढे जो दादा यायचा तो दर मार्चमध्ये कूलर पहिल्यांदा सुरू झाला की जाळीपुढे बसून 'आ' लावायचा. पन्नाशी उलटल्यावरही. त्याच्याबद्दल मला कोणापाशीतरी बोलायचं होतं. पण तो दादा त्यांना सांगितला की त्यांचा भाऊ जात होता. मी चहा गाळायचे. खोलीतल्या एकुलत्या एक खिडकीत तो कूलर बारा महिने बसवलेला. हिवाळ्यात त्याच्यावर जुनी चादर. उजेड येत नाही. दार उघडं ठेवायचं तर गार वारा येतो. मी दाराजवळ बसून असायचे, आणि दाराजवळ बसूनही बाहेर जाता येत नव्हतं.

डिसेंबरात मिहानवाल्याने गोष्ट काढली. "ताई, डबा एकदा जोडून पाहू. भाऊ गेले, पण ती विद्या जाऊ नये. मौदेवाले काका उघडून नकाशा काढतीन, आपण चार डबे बनवू. एक त्या गिटारवाल्याला अमेरिकेत पाठवू."

मी म्हटलं, दादाला आवडलं नसतं.

"भाऊले काहून नाही आवडणार? त्याचंच नाव होईल," बँकवाले म्हणाले.

मी बशा उचलल्या. पुढच्या रविवारी मिहानवाला गिटार आणि अॅम्प्लिफायर घेऊन आला. अॅम्प्लिफायर जुन्याच पद्धतीचा, व्हॉल्व्हचा, पाठीमागून उघडा. कुठूनतरी मागवला होता, खास यासाठी. त्याने तार डब्यातून नेली, लाल दिवा लागला, बँकवाल्यांनी हात जोडल्यासारखे केले. मिहानवाल्याने तार छेडली. गिटार वाजली. साधी, सरळ गिटार. त्याने बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. काही फरक नाही.

दहा मिनिटं ते चाललं. मग बँकवाले जमिनीकडे पाहत हळू म्हणाले, "भाऊनं आपल्याले..." आणि थांबले.

मी खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. तेव्हा मौदेवाल्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, डबा मांडीवर घेतला आणि दोघांकडे पाठ करून उघडला. आत काय आहे ते मला माहीत होतं. एका भोकातून आलेली तार सरळ दुसऱ्या भोकात गेलेली. दिव्याला एक सेल. बटण कशालाच जोडलेलं नाही. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग झाकण लावलं आणि चारही स्क्रू एकेक करून घट्ट केले.

"जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर आहे," ते म्हणाले. "जुना माल. थंडीत झोपते हा. एप्रिलमध्ये पाहू."

"हाव न," मिहानवाला लगेच म्हणाला, "जर्मेनियमवर तापमानाचा परिणाम होतो. मी वाचलं आहे." त्याचा चेहरा उजळला. बँकवाल्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, डिसेंबर असून.

फाटकापाशी मौदेवाले मागे राहिले. मोटरसायकलला किल्ली लावत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "डबा नीट ठेवजा ताई. कोणाले उघडू देऊ नका."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्या दिवसापासून जास्त कोंडल्यासारखं झालं. आतापर्यंत माझे भाऊ दोन होते, त्यांचा आणि माझा. आता मौदेवाल्यांकडे तिसरा झाला होता, लबाड. जानेवारी, फेब्रुवारी, ते येत राहिले, पापडाचं सांगत राहिले. पण 'भाऊचं डोकं' म्हणणं त्यांनी सोडलं. बाकी दोघं म्हणाले की ते पोह्याच्या बशीत पाहायचे. दादाची लाज त्यांनी झाकली होती, आणि झाकताना ती खरी मानली होती. लाट खोटी नव्हती, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं. पण बाकी दोघांसमोर बोलायचं कसं, आणि एकट्या मौदेवाल्यांना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? दादाने फक्त एकच गोष्ट माझ्याकडे ठेवायला दिली होती.

मार्चच्या शेवटी मी कूलरवरची चादर काढली. खसच्या जाळ्या दरवर्षी दादा बदलायचा. ह्या वर्षी मी बदलल्या, हाताला काड्या टोचून घेतल्या, टाकी घासली, पंपाची नळी उकलली. मोटर दोनदा बदललेली आहे, पण पाती तीच आहेत, त्या मे महिन्यातली. सुरू केला आणि जाळीपुढे उभी राहिले. 'आ' मात्र लावला नाही. पाणी भरून बंद केला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी अकरा वाजताच अंगण तव्यासारखं झालं होतं. तिघं आले. मिहानवाल्याने अॅम्प्लिफायर खोलीच्या मधोमध ठेवला, डबा जोडला, लाल दिवा लागला. "आज उठन हा," बँकवाले म्हणाले. मौदेवाले भिंतीला टेकून बसले होते, हात बांधून. डबा उठणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि आता दुसरी कुठली सबब सांगायची याचा ते विचार करत असणार.

गिटार वाजली. साधी, सरळ.

मी उठले. म्हटलं, "इतकं तापलं आहे. तो अॅम्प्लिफायर कूलरपाशी घ्या. पाठ जाळीकडे करा. दादा तसाच ठेवायचा."

यातलं काहीही खोटं नव्हतं. मिहानवाल्याने तो सरकवला. मी सांगितलं, अजून जवळ. मग मी कूलरचं बटण फिरवलं, दोन नंबरवर, तेव्हा होतं तसं. पंखा फिरू लागला. मिहानवाल्याने तार छेडली.

लाट आली. कॅसेटवरच्यापेक्षा मोठी, खोलीच्या चारही भिंतींना लागणारी. मिहानवाल्याने हात थांबवला नाही, पण त्याचं तोंड उघडं राहिलं. बँकवाले पलंगाच्या काठावर बसले आणि डब्याकडे पाहत रडू लागले. "उठला," ते म्हणत होते, "पाहा, उठला. याले नागपूरचं ऊन लागते. मी म्हणत नव्हतो?" लाल दिवा शांतपणे जळत होता.

मी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांना कळणार नाही याची मला खात्री होती का? खरं सांगायचं तर कळावं असंही वाटत होतं, तिघांनाही, एकदाचं. इतका मोठा कूलर डोळ्यांसमोर फिरत होता. पण दोघं डब्याकडे पाहत राहिले. मिहानवाला म्हणाला की आता मेपर्यंत दर रविवारी भरून ठेवू, पूर्ण बाजू, आणि मोबाईल स्टुलावर उभा करून रेकॉर्डिंग सुरू केलं. दर रविवारी. मी पुन्हा खुर्चीत बसले. दाराबाहेर ऊन इतकं होतं की तिकडे पाहवत नव्हतं.

अर्धा तास गेला असेल. कूलरचा आवाज बदलला, पंप कोरडा ओढू लागला. सवयीने मी उठले आणि बाथरूममधून भरलेली बादली आणली. दारात मौदेवाले उभे होते. त्यांनी आधी कूलरकडे पाहिलं, पात्यांकडे, मग माझ्या हातातल्या बादलीकडे, आणि बादलीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"तेव्हाही तुम्हीच होत्या," ते हळू म्हणाले. "खिडकीतून दिसत होती एक पोरगी. बादली घेऊन."

मी होकाराची मान हलवली.

"म्हणजे आवाज खरा आहे भाऊचा."

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली. इतक्या वर्षांत ह्या घरात त्यांच्यापैकी कोणी बादली उचलली नव्हती. "बसा तुम्ही. मधात पाणी टाकाच लागते न," ते म्हणाले, कूलरपाशी गेले, बाजूची झडप उघडली आणि ओतलं. एकदम मोठा आवाज झाला, मग थेंबाथेंबाने विरला.

बँकवाल्यांनी डोळे पुसत हात वर केला. "अबे, रेकॉर्डिंग चालू आहे. आवाज नको करू."

"होऊ द्या गा," मौदेवाले म्हणाले. रिकामी बादली दाराशी ठेवून ते माझ्या खुर्चीजवळ खालीच बसले. मिहानवाला वाजवत होता, डोळे मिटून. त्याला रस्ता सापडायला अजून बराच वेळ होता.